दुसऱ्याच्या नंबरची

क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या कचेरीत सात खेपा घालून
एका शुक्रवारी ती माझ्या परवान्यावर चढली:
पॉइंट टू टू, सेमी-ऑटोमॅटिक, वापरलेली,
नंबरातला शेवटचा आकडा पुसट.
कारकुनाने तो तीनदा वाचला, तीनदा वेगळा,
मग माझाच चष्मा मागून घेऊन म्हणाला, आठ.

गिरगावात माझं चष्म्याचं दुकान आहे, तेवीस वर्षं.
इनास कोलासो मनोरीहून यायचे,
दर दोन वर्षांनी काच थोडी जाड.
शेवटच्या खेपेला नवी फ्रेम हातात ठरेना,
दांडी कानाऐवजी गालावर गेली.
तेव्हाच म्हणाले, तू शिकतेस ना नेमबाजी, घेऊन जा तिला.
बोंबलाच्या जुडीलाही घासाघीस करणारा माणूस,
मी सांगितली ती किंमत धरून गप्प बसला.

आज पहिला दिवस. वरळीची रेंज, सकाळचे साडेसात.
शिर्सेकर सर नळीत डोळा घालून बघतात:
"तेल दिलंय म्हाताऱ्याने. एवढ्या खाऱ्या हवेत एक डाग नाही."
दस्त्यावर पॉलिश उडालेला लांबट ठिपका आहे,
तिथे त्यांचा गाल टेकायचा.
मी माझा टेकवते. बोटभर पुढे पडतो.

आजवर क्लबाची बोल्टची चालवली.
तिच्यात प्रत्येक गोळीनंतर हाताला काम असे,
वर, मागे, पुढे, खाली,
आणि तेवढ्यात चुकीची लाज वाटून जाई.
ही तेवढी उसंत देत नाही.
चाप दाबला, पुंगळी उजवीकडे उडाली,
दुसरं काडतूस आपोआप चढलंसुद्धा,
आणि मी अजून पहिल्यापाशीच.
नवऱ्याशी भांडताना माझं दुसरं वाक्य
असंच चढायचं.

सहाव्याला अडकली. पुंगळी दारात उभी,
ना आत, ना बाहेर.
"बोट चापाबाहेर. नळी समोर. आता श्वास घ्या, हेमांगीताई."
याच क्रमाने.

दहा झाल्या. लक्ष्य जवळ आणलं.
सगळी भोकं एका रुपयाखाली झाकतील इतकी दाट,
पण काळ्या वर्तुळाबाहेर, डावीकडे खाली,
कोऱ्या पांढऱ्यावर.
"कुठेतरी माशी शिंकली," सर म्हणाले,
आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन
नळीच्या टोकावरच्या लोखंडी माशीला बोट लावलं.
"ही जाग्यावर आहे. मागचे स्क्रू फिरवा. चार टिचक्या उजवीकडे, सहा वर."

दुकानातला बारका पेचकस पर्समध्ये असतोच.
स्क्रूच्या खाचेत तेल आणि धूळ मेणासारखी बसलेली,
वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली.
मनोरीला फोन लावला.

"हां, ती डावीकडे खाते. पहिल्यापासनं."
"मग तुम्ही?"
"मी तं तिला कधी फिरवली नाय. उजवीकडं वर बघायचो,
जिथं काहीच नसायचं तिथं."
"आणि कपाटातली ती पदकं?"
"ती तशीच आली."
फोनमध्ये कप बशीवर वाजत राहिला, बराच वेळ,
ठेवला जात असल्यासारखा.

दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालू नका, डोकं दुखेल,
असं मी दिवसातून दहादा सांगते.
सर चहाला गेले. पाच काडतुसं उरली होती.
पाचही मी काही नसलेल्या जागी बघून मारली.
एक नऊ, एक सात,
तीन कागदालाच माहीत नाहीत.

मग पेचकस काढला.
पहिली टिचकी सुटायला इतका जोर लागला
की वाटलं, मोडलं काहीतरी.

निघताना पुंगळ्या मोजून द्यायच्या असतात.
चौदा भरल्या. रजिस्टरवाला पेन धरून थांबला,
मी बाकाखाली, वाळूत, पिशवीत शोधत राहिले.
पंधरावी माझ्याच कॉलरमागे होती,
कोमट,
मला कळलंही नव्हतं भाजलेलं.